भक्ती, देशभक्ती आणि शेजारधर्म

उत्सवातील आवाजाचा प्रश्न हा कोणत्याही एका धर्माचा प्रश्न नाही. ठाण्यातून सुरू झालेल्या न्यायालयीन लढ्याने श्रद्धा, कायदा आणि लोकहित यांचे नाते पुन्हा तपासायला लावले. त्या नात्याचा हा वेध.

ठाणे, प्रतिनिधी

गुढीपाडव्याच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर उभे राहिले, की भक्ती कुठे संपते आणि देशभक्ती कुठे सुरू होते हे सांगणे अवघड जाते. गणपतीची पालखी असते, तिच्यामागे लेझीम असते, भगवे फेटे बांधलेल्या मुली असतात आणि एखाद्या चित्ररथावर सीमेवरचा जवानही असतो. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये येथे सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा पुढे ठाणे, कल्याण, गिरगाव अशी राज्यभर पसरली. मराठी मध्यमवर्गाने आपली श्रद्धा, आपली संस्कृती आणि आपले राष्ट्रप्रेम एकाच वेळी रस्त्यावर आणून साजरे करण्याची ही रीत आता चांगलीच रुळली आहे.

याच शहराचे दुसरेही एक चित्र आहे. रात्रीचे अकरा वाजून गेलेले आहेत, खालच्या रस्त्यावर मिरवणूक थांबली आहे, खिडक्यांच्या काचा थरथरत आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुणी तान्हे बाळ, कुणी रुग्ण, कुणी दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेला विद्यार्थी कानांवर हात ठेवून बसला आहे. खालच्या मुलांची भक्ती खोटी नाही. वरच्या माणसाचा त्रासही खोटा नाही. दोन्ही खरे असताना निवाडा कसा करायचा, हा या लेखाचा विषय आहे.

एक घरगुती अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत प्रतिनिधीच्या आईवर शस्त्रक्रिया झाली आणि ती घरी आली, तो नेमका उत्सवाचा आठवडा होता. इमारतीला लागूनच मंडप होता. दोन रात्री काढल्यावर तिसऱ्या रात्री खाली गेलो. मंडळाचा कार्यकर्ता ओळखीचा होता. सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. ‘अहो दादा, काकू आजारी आहेत हे आधी नाही का सांगायचं?’ असे म्हणून त्याने आवाज तत्काळ कमी केला आणि ध्वनिक्षेपकाचे तोंडही दुसरीकडे फिरवले. एवढेच नव्हे, तर दोन दिवसांनी आईला पुन्हा रुग्णालयात न्यावे लागले तेव्हा हीच मुले खुर्ची उचलून तिला चार मजले खाली घेऊन आली.

ही गोष्ट ऐकणाऱ्याला बरी वाटते, मलाही वाटली. परंतु नंतर एक विचार मनातून जाईना. ध्वनिक्षेपकाचे तोंड ‘दुसरीकडे’ फिरवले, म्हणजे नेमके कुणाकडे? समोरच्या इमारतीत कुणी आजारी नव्हते असे थोडेच? फरक इतकाच, की तेथील माणूस त्या कार्यकर्त्याच्या ओळखीचा नव्हता. तो भाडेकरू असेल, परप्रांतीय असेल, दुसऱ्या धर्माचा असेल किंवा नुसताच भिडस्त असेल. खाली उतरून ‘जरा आवाज कमी करा’ असे म्हणण्याचे धैर्य सर्वांना होत नाही. ज्याला होते त्याचे सर्व वेळी ऐकले जाते असेही नाही.

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक सुंदर शब्द आहे. ओळखीच्या माणसापुरता शेजारधर्म आपल्याकडे आजही उत्तम पाळला जातो. प्रश्न अनोळखी माणसाचा आहे. लाखोंच्या शहरात त्याच्यापर्यंत आपला सद्भाव पोहोचवण्याचे एकच खात्रीचे साधन असते आणि ते म्हणजे सर्वांना सारखा लागू होणारा नियम.

ठाण्यातून उभा राहिलेला लढा

असा नियम देशात होता, पण तो कागदावर होता. तो रस्त्यावर यावा यासाठी ठाण्यातील डॉक्टर महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. उत्सवकाळातील ध्वनिप्रदूषण आणि रस्ते व पदपथ अडवून उभारले जाणारे मंडप हे तिचे मुख्य विषय होते.

सहा वर्षांच्या सुनावणीनंतर १६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. त्याचा गाभा थोडक्यात असा, की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि म्हणून कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळाला त्यावर मूलभूत हक्क सांगता येणार नाही. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती न होणे हा मात्र नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवावीत, तक्रारींसाठी यंत्रणा उभारावी, तक्रारदाराचे नाव उघड करू नये आणि मोठ्या शहरांचे ध्वनी नकाशे तयार करावेत, असे आदेशही त्यात होते. मंडपांविषयी या याचिकेतील आधीच्या आदेशांतही न्यायालयाने हीच भूमिका घेतली होती. रस्ता हा आधी चालणाऱ्याचा आणि रुग्णवाहिकेचा असतो, त्यावर मंडप टाकणे हा कुणाचा हक्क ठरत नाही, असे तिचे सार सांगता येईल.

निकाल लागला म्हणून प्रश्न सुटला नाही. केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०१७ रोजी नियमांत दुरुस्ती केली. तोवर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जाई. राज्य सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही, असे या दुरुस्तीने केले. त्यावर राज्यात आता एकही शांतता क्षेत्र उरलेले नाही, अशी भूमिका राज्य सरकारने न्यायालयात मांडली. सुनावणी सुरू असतानाच सरकारने न्यायमूर्ती ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे गेले, वकीलवर्गातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या, प्रकरण न्यायमूर्ती ओक यांचा समावेश असलेल्या त्रिसदस्यीय पीठाकडे आले आणि अखेर सरकारने माफी मागितली. या पीठाने दुरुस्तीला दिलेल्या अंतरिम स्थगितीला मात्र ४ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

हा सारा घटनाक्रम गणेशोत्सवाच्या ऐन दिवसांत घडला. एका शहरातील डॉक्टरांची तक्रार राज्याच्या आणि न्यायसंस्थेच्या संबंधांपर्यंत जाऊन पोहोचली. आवाजासारख्या ‘क्षुल्लक’ वाटणाऱ्या विषयात किती हितसंबंध आणि किती भावना गुंतलेल्या असतात, हे त्यातून दिसून आले.

नियम नेमका काय?

ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २००० हे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले आहेत. त्यात सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल आहे.

ध्वनिक्षेपक लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही आणि परवानगी असली तरी रात्री उघड्यावर लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. ही सवलत वेळेची आहे, आवाजाची नव्हे. त्या १५ दिवसांतही डेसिबलची मर्यादा कायम राहते.

डेसिबलचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. ही मोजपट्टी साध्या बेरजेने वाढत नाही. १० डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५ ची मर्यादा असताना ७५ डेसिबलचा आवाज ‘थोडा जास्त’ नसतो, त्याची तीव्रता शंभरपट असते. कामाच्या ठिकाणच्या आवाजाविषयी प्रचलित असलेल्या शास्त्रीय निकषांनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानला जातो आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला हाती फक्त १५ मिनिटे उरतात. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे चार-चार तास नाचणाऱ्या विशी-पंचविशीतील मुलांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. त्रास केवळ वरच्या मजल्यावरच्या आजोबांना होतो असे नाही. सर्वाधिक नुकसान भिंतीच्या सर्वात जवळ असलेल्या भक्ताच्याच कानांचे होते.

श्रद्धेचा अधिकार आणि त्याची मर्यादा

‘आमच्याच सणांवर बंधने का?’ हा प्रश्न सर्व बाजूंनी विचारला जातो. गणेशोत्सवात हिंदू विचारतात, अजानच्या वादात मुसलमान विचारतात. त्याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २५ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. परंतु त्या अनुच्छेदाची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, अशी होते. म्हणजे मर्यादा नंतर कुणी लादलेली नाही, ती त्या अधिकारासोबतच जन्माला आली आहे.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल ३० ऑगस्ट २००० चा आहे आणि तो चेन्नईतील एका चर्चविषयीचा आहे. कोणताही धर्म इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा असे सांगत नाही, असा त्याचा आशय होता. पुढे १८ जुलै २००५ रोजी त्याच न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर व्यापक निकाल दिला. त्यामागची पार्श्वभूमी अंगावर काटा आणणारी आहे. दिल्लीत तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी चालू असलेल्या कर्कश संगीतात तिची मदतीची हाक कुणालाही ऐकू गेली नाही. आवाज म्हणजे केवळ गैरसोय, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

न्यायालये सणांच्या विरोधात आहेत, असाही सूर अधूनमधून लागतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. पुण्यातील ढोल-ताशा पथकांत प्रत्येकी तीसच वादक असावेत, अशी मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने घातली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तिला स्थगिती दिली. प्रश्न परंपरा असावी की नसावी हा नाहीच. तिची किंमत कुणी मोजायची, हा आहे.

भोंगा कुणाचा?

२०२२ च्या एप्रिलमध्ये हा विषय राजकारणाच्या ऐरणीवर आला. मशिदींवरील भोंगे उतरवण्यासाठी मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी ३ मेपर्यंतची मुदत दिली, ती ठाण्यातील जाहीर सभेतच. त्यानंतर राज्यभर परवानग्यांची तपासणी सुरू झाली. पहाटेची अजान जशी रात्रीच्या वेळेत येते, तशी मंदिरातील काकड आरतीही येते, हे अनेकांच्या तेव्हाच लक्षात आले. शिर्डीच्या साई मंदिरातील पहाटेची आणि रात्रीची आरतीही ध्वनिक्षेपकावरून बंद करावी लागली.

या घटनेतून घेण्याजोगा धडा एकच आहे. नियमाच्या घड्याळाला धर्म नसतो. दुसऱ्याच्या आवाजाविरुद्ध कायद्याचा आधार घेणाऱ्याला तो कायदा आपल्या दारातही उभा राहणार, हे आधीच मान्य करावे लागते. ‘आधी त्यांचे बंद करा, मग आमचे पाहू’ ही भाषा दोन्ही बाजूंनी बोलली जाते, तोपर्यंत दोन्हीकडचे आवाज चालूच राहतात आणि मधल्या घरातला माणूस जागाच राहतो. त्या माणसाला आवाज कोणत्या धर्माचा आहे याच्याशी कर्तव्य नसते.

देशभक्ती कशात मोजायची?

ठाण्याला देशभक्तीचे धडे बाहेरून घेण्याची गरज नाही. येथील कारागृहात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी दिली गेली. याच कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. तेव्हा देशासाठी प्राण द्यावे लागत होते. आज देश आपल्याकडे बहुतेक वेळा फार छोट्या गोष्टी मागतो आणि त्या छोट्या आहेत म्हणूनच आपण त्या सहज नाकारतो.

सार्वजनिक गणेशोत्सवाची मुळेही आठवावीत. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून या उत्सवाला चालना दिली, ती घरातली भक्ती चौकात आणून लोकांना एकत्र करण्यासाठी. कल्याणच्या सुभेदार वाड्यातील उत्सव त्याच प्रेरणेने १८९५ मध्ये सुरू झाला. व्याख्याने, मेळे, कीर्तने यांतून लोकांनी सार्वजनिक प्रश्नांवर बोलावे, ऐकावे, असा तो खटाटोप होता. ज्या उत्सवाचा जन्म लोकांना एकमेकांचे ऐकू यावे म्हणून झाला, त्याच उत्सवात आज शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये, यातला विरोधाभास टिळकांचे नाव घेणाऱ्यांनी तरी ध्यानात घ्यावा.

१९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ५१क अन्वये मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर हे त्यातील पहिले कर्तव्य सर्वांना ठाऊक असते. धर्म, भाषा, प्रदेश यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव जोपासणे, पर्यावरणाचे रक्षण करणे आणि सार्वजनिक मालमत्ता सुरक्षित ठेवणे, हीसुद्धा त्याच यादीतील कर्तव्ये आहेत. ती मात्र फलकावर फारशी झळकत नाहीत.

या संदर्भात केरळमधील एक प्रकरण बोलके आहे. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. त्या मुलांच्या मौनाने कुणाचाही अवमान झाला नव्हता आणि कुणालाही इजा झाली नव्हती. हे प्रकरण आणि ध्वनिक्षेपकाचे प्रकरण शेजारी ठेवून वाचले, की एक सूत्र हाती लागते. श्रद्धा जोवर दुसऱ्याला इजा करत नाही, तोवर न्यायालय बहुमताच्या आग्रहापासूनही तिचे रक्षण करते. ती इजा करू लागली, की बहुमताची असली तरी तिला थांबवते.

नागरिकाने काय करावे?

उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतील कुर्ला परिसरातील रहिवाशांच्या याचिकेवर पुन्हा एकदा स्पष्ट केले, की ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी, आधी समज द्यावी, पुन्हा उल्लंघन झाल्यास दंड करावा आणि तरीही ऐकले नाही तर ध्वनिक्षेपक जप्त करून परवाना रद्द करावा, असा क्रमही त्यात सांगितला आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, म्हणून ११२ या क्रमांकावर तक्रार करताना ठिकाण, वेळ आणि आवाजाचा प्रकार एवढी माहिती द्यावी. तक्रारीची नोंद झाली की नाही, हे विचारून घ्यावे. पर्यावरण संरक्षण कायद्यातील शिक्षेच्या तरतुदीही बदलल्या आहेत. १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आकारता येतो.

मात्र पोलिसांना दूरध्वनी करण्याआधी शक्य असेल तर एकदा खाली उतरून बोलावे, असे अनुभवावरून वाटते. मंडळातील मुले बहुधा वाईट नसतात. त्यांना वरच्या मजल्यावर कोण राहते हे कुणी सांगितलेले नसते. मंडळांनीही मंडप टाकण्यापूर्वी आसपासच्या इमारतींत चौकशी करून कोण आजारी आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाची परीक्षा आहे, याची एक यादी केली तर वर्गणीच्या यादीइतकेच तिचे मोल होईल. ज्यांना बोलण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी नियम आहेच.

प्रस्तुत प्रतिनिधी देव मानतो, पाडव्याला गुढी उभारतो आणि प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदनाला जातो. यातल्या कोणत्याही गोष्टीसाठी आजवर शंभर डेसिबलची गरज भासलेली नाही. आईला खुर्चीवरून खाली नेणाऱ्या त्या मुलांची भक्ती मला त्या क्षणी सर्वाधिक खरी वाटली आणि त्या वेळी ध्वनिक्षेपक बंद होता. समोरच्या इमारतीतल्या, ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी तो तसाच वेळेवर बंद होईल, त्या दिवशी आपल्या शहरात भक्ती आणि देशभक्ती या दोहोंचा अर्थ थोडा अधिक स्पष्ट झालेला असेल.